साडेसहानंतरची माणसे

तालमीची वेळ साडेसहाची ठरलेली असे आणि तालीम साडेसातला सुरू होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी हौशी नाट्यसंस्थांत ही गोष्ट इतकी सार्वत्रिक होती की तिला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे ठरेल. मधल्या तासात माणसे जमत असत. एका आयुष्यातून उठून दुसऱ्यात येऊन बसत असत. एखाद्या शाळेचा वर्ग, भिंतीकडे सरकवलेली बाके, फळ्यावर दुपारच्या तासाचे न पुसलेले गणित. प्रथम येई तो बँकेतला, कारण रोकड जुळली की तो सुटे. त्याच शाळेत शिकवणारी बाई घरी न जाता तिथेच वह्या तपासत थांबलेली असे. मग वीज मंडळातला कनिष्ठ अभियंता, औषध कंपनीची जड बॅग खांद्यावरून उतरवणारा प्रतिनिधी, वकिलाच्या हाताखालचा उमेदवार. सर्वांत शेवटी डॉक्टर, कारण शेवटचा रोगी केव्हा उठेल हे त्याच्या हाती नसे. कटिंग चहा येई आणि पिशव्यांतून संहितेची पाने बाहेर निघत. कुठल्याशा कचेरीतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, साहेबाच्या नकळत किंवा त्याच्या मूक संमतीने, निघालेली पाने.

या माणसांच्या साडेसहानंतरच्या आयुष्याविषयी मराठी नाट्यसमीक्षेने विपुल लिहिले. त्यांच्या दिवसाविषयी मात्र तिने फारसे कुतूहल दाखवले नाही. ‘व्यवसायाने डॉक्टर’, ‘नोकरी बँकेत’ अशा अर्ध्या ओळीत हा विषय उरकला जातो, जणू तो जन्मगावाइतकाच योगायोगाचा भाग आहे. वस्तुतः ज्याला आपण हौशी रंगभूमी म्हणतो तिची रचना, तिचे धाडस आणि तिची भीतीही त्या अर्ध्या ओळीत दडलेली आहे.

मुळात ‘हौशी’ हा शब्दच फसवा आहे. मराठीत छंदाला प्रतिष्ठा आहे, नादाला बदनामी आहे आणि हौस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला छंद असतो. नाटकवाल्याला नाद लागतो. हौसेला मोल नाही असे म्हणताना आपण तिचे कौतुक करतो, आणि ‘हौशी कामगिरी’ असे म्हणताना तीच हौस अपुरेपणाचे नाव होते. त्यात ‘हौशी’च्या विरुद्ध ‘व्यावसायिक’ हा शब्द योजल्यामुळे आणखी एक गंमत होते. दिवसभर शस्त्रक्रिया करून रात्री तोंडाला रंग लावणारा मनुष्य व्यवसायी असतोच; फक्त ज्या क्षणी तो रंगमंचावर पाऊल ठेवतो त्या क्षणी त्याचा व्यवसाय विंगेत राहतो. मराठी रंगभूमीचा पाऊणशे वर्षांचा वाद ‘हौशी की व्यावसायिक’ या शब्दांत चालला आणि त्यात व्यवसाय हा शब्द कुणाच्या कुठल्या व्यवसायाला लावायचा, हे क्वचितच कुणी विचारले.

आरंभ तर एका कारकुनापासूनच करावा लागतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. ज्या संगीत रंगभूमीचा उल्लेख पुढे मराठी माणसाने कायम अभिमानाने केला, तिचा पाया कचेरी सुटल्यानंतरच्या वेळात घातला गेला. पुढे किर्लोस्कर मंडळी ही रीतसर नाटक कंपनी झाली. बिऱ्हाड, स्वयंपाकी, पगार, फिरते दौरे यांसह ती एक कुटुंबसंस्था झाली आणि मराठी नट पोटासाठी नट झाला. बोलपटाने ही कुटुंबे मोडली. १९३३मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले तेव्हा शिकलीसवरलेली, अन्यत्र मिळवती माणसे पुन्हा नाटकाकडे वळली. स्वातंत्र्यानंतर, १९५४मध्ये, मुंबई राज्य सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली आणि गावोगावच्या नोकरदारांना वर्षातून एकदा एक नाटक उभे करण्याचे निमित्त मिळाले. या स्पर्धेने चांगली नाटके किती दिली यावर वाद घालता येईल. तिने तहसील कचेऱ्या, पोस्ट ऑफिसे, शाळा आणि कारखाने यांतून किती नट उभे केले, यावर मात्र वाद नाही.

पुण्यात १९५०च्या दशकाच्या आरंभी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन स्थापन झाली. तिचे प्रमुख भालबा केळकर हे विज्ञान शिकवणारे आणि विज्ञानावर लिहिणारे. त्यांचे सहकारी श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुढच्या पिढीतले जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, त्यांचा दवाखाना दौंडला. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर यांनी जीवरसायनशास्त्र घेतलेले आणि त्याच विषयात वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी. एका संस्थेच्या आसपास एवढी प्रयोगशाळेतली आणि दवाखान्यातली माणसे का जमावीत? याचे भावुक उत्तर असे दिले जाते की डॉक्टर माणसाचे दुःख जवळून पाहतो, म्हणून तो चांगला नट होतो. हे उत्तर सन्मानसोहळ्यांत शोभते. घाशीरामच्या नानाला उभे करताना आगाश्यांना मनोविकारशास्त्राचा काय उपयोग झाला, असा प्रश्न मुलाखतकारांना सुचणे स्वाभाविकच. पण नाना हा रोगी नव्हे, राज्यकर्ता आहे, आणि राज्यकर्ता ओळखायला कुणाला वैद्यकीय पदवी लागत नाही. खरे कारण बरेच रुक्ष असावे. वैद्यकीय महाविद्यालयात मुले पाच-सहा वर्षे एकत्र राहतात. वसतिगृह असते, स्नेहसंमेलन असते, आणि पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धाही असते. तिथे जमलेली टोळी पदवीनंतर विखुरते खरी, पण दवाखाना थाटलेल्या डॉक्टरची वेळ निदान काही प्रमाणात त्याच्या ताब्यात असते. कारखान्यातल्या तंत्रज्ञाला हे सुख नाही.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांनी ज्या रीतीने बसवले ती रीत मराठी रंगभूमीला नवी होती. माणसांची एक रांग प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राही आणि तीच पडदा होई, भिंत होई, कारस्थान होई. नाचणारी, गाणारी, वाजवणारी मिळून संख्या चाळिसाच्या घरात जाई. आता यातला हिशेब पाहावा. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मोजावी लागते. चाळीस नाइटी, शिवाय वाद्ये, प्रवास, जेवण: कोणताही निर्माता हा आकडा पाहून संहिता मिटवून ठेवील. ती रांग रंगमंचावर उभी राहू शकली याचे एक कारण असे की रांगेतल्या बहुतेकांचा महिना दुसरीकडे भरत होता. घाशीरामच्या शैलीची मीमांसा करताना दशावतार, खेळे, तमाशा, कीर्तन या सर्वांचा उल्लेख होतो. पगारपत्रकाचाही व्हायला हवा.

परंतु एवढ्यावरून असे प्रतिपादन करणे की नोकरीने हौशी नटाला स्वातंत्र्य दिले, हे अर्धसत्य होय. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ‘घाशीराम’ थांबवले. ब्राह्मणांची आणि नाना फडणविसांची बदनामी होते, असा आरोप होता; अध्यक्षांनाही नाटक पसंत नव्हते. थांबवणारे आणि थांबवण्यास विरोध करणारे, दोघेही हौशीच होते. गल्ल्याची चिंता कुणालाच नव्हती. म्हणजे पैशाचा धाक नसला की धाकच नसतो, असे नव्हे. समाजात ज्याचे नाव आहे, ज्याच्याकडे विद्यार्थी येतात, रोगी येतात, त्याला नाटकाबाहेर गमावण्यासारखे पुष्कळ असते. तरुण मंडळींनी संस्था सोडली, मार्च १९७३मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४च्या आरंभी नाटक पुन्हा उभे केले. त्यांच्या दृष्टीने नोकरीची बाजू त्या वेळी उपकारक ठरली: मधले वर्षभर नाटक बंद राहिले तरी कुणाच्या घरची चूल बंद राहिली नाही. नाटक कंपनीच्या काळात असे वर्ष म्हणजे उपासमार होती.

नोकरी ही ढाल आहे आणि ओलीसही आहे. हे ज्या नाटकाने सर्वांत आधी आणि सर्वांत निष्ठुरपणे दाखवले ते नाटक हौशी नटांविषयीच आहे, याकडे आश्चर्य वाटावे इतके कमी लक्ष गेले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७मध्ये रंगायनने सादर केले. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते आणि रात्रीच्या प्रयोगापूर्वी वेळ घालवायचा म्हणून एक खोटा खटला रचते. आरोपी मिस बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून सुरू झालेला खटला हळूहळू खरा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या नाटकाची चर्चा बहुधा स्त्री आणि समाज, पुरुषी दंभ, हिंसा या सूत्रांनी होते, आणि ती योग्यच आहे. पण पात्रांची यादी वाचताना त्यांचे दिवस पाहावेत. सुखात्मे वकील आहे, पण त्याच्याकडे अशील येत नाही. पोंक्षे इंटर सायन्स नापास होऊन तार कचेरीत कारकून झाला आहे आणि तोंडात पाइप धरून शास्त्रज्ञाचा आव आणतो. काशीकर समाजकार्याचा झेंडा घेऊन फिरतात. रोकडे त्यांच्या घरी आश्रित. प्रत्येकाच्या दिवसाला एक भोक पडले आहे, आणि ते बुजवण्यासाठी तो नाटकात येतो. नाटकात सुखात्म्याला पुरेसे अशील मिळतात, पोंक्ष्याला अधिकार मिळतो. पहिल्या अंकाच्या प्रारंभी सामंतला मंडळींची ओळख करून देताना बेणारे ही सारी भोके हसत हसत दाखवते. आपण काय करून बसलो हे तिला त्या वेळी कळत नाही.

कारण त्या मंडळीत जिचा दिवस धड आहे अशी ती एकटीच आहे. ती शिक्षिका आहे, शाळेत कधी उशिरा जात नाही, मुले तिच्यावर जीव टाकतात, आणि हे ती अभिमानाने सांगते. इतरांना नाटक हवे असते दिवसाची भरपाई म्हणून. तिला ते हवे असते दिवसाची भर म्हणून. आणि मंडळी तिच्याकडून काय काढून घेतात? तिचे चारित्र्य तर घेतातच, पण त्याआधी तिची नोकरी घेतात. संस्थेच्या चालकांनी तिला काढून टाकण्याचे ठरवले आहे ही बातमी काशीकर त्या खोट्या न्यायासनावरून पुरवतात, आणि तीच त्या खटल्यातली एकमेव खरी शिक्षा आहे. बाकी सारा शब्दांचा खेळ. समव्यसनी माणसांमध्ये एक अलिखित करार असतो की तालमीत कुणी कुणाच्या कचेरीविषयी बोलायचे नाही. साहेब आणि शिपाई एकाच चहाच्या किटलीतून चहा घेतात तो या कराराच्या जोरावर. तेंडुलकरांनी हा करार मोडला तर काय होते ते दाखवले.

अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगात बेणारे झाल्या सुलभा देशपांडे, ज्यांनी स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिकेचे काम केले होते. १९७१मध्ये देशपांडे दांपत्य आणि अरुण काकडे यांनी आविष्कार ही संस्था काढली, आणि १९७४पासून त्याच छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकांचे घर झाले. त्या रंगभूमीला लोक ‘छबिलदास’ या एका शब्दाने ओळखतात. शाळेचे नाव एका नाट्यचळवळीला मिळणे ही घटना या लेखाच्या विषयात चपखल बसते, पण तिचा अर्थ फार ताणू नये. दादर स्टेशनजवळ परवडणारी दुसरी जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

१९६९मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, भरती वाढली आणि मध्यमवर्गीय मराठी पदवीधराला ठरावीक तासांची, सहसा न जाणारी नोकरी मिळाली. अमोल पालेकर हे चित्रपटांत येण्यापूर्वी बँकेत कारकून होते. ‘महानिर्वाण’चे संगीतकार आनंद मोडक बँकेत नोकरी करीत. सरकारी सेवकांचे नियमही यात अडसर नव्हते. केंद्रीय सेवकांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक काम पूर्वपरवानगीवाचून करण्याची मुभा आहे, कर्तव्यात बाधा येऊ नये एवढ्या अटीवर. ‘प्रासंगिक’ या शब्दाची लांबी वरिष्ठाच्या स्वभावावर ठरे. नाटक आवडणारा साहेब मिळाला तर स्पर्धेच्या आठवड्यात टेबल रिकामे दिसले तरी तो चष्मा पुसत बसे. न आवडणारा मिळाला तर ऐन अंतिम फेरीच्या दिवशी लेखापरीक्षण निघे.

या कारकुनी जगाला मराठी नाटकाने परतफेडही केली. आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) मध्ये जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून आहेत, आणि त्यांच्या स्वप्नात कचेरीतल्या नलावडेबाई आहेत. त्यांना भेटतो तो बर्वे, बालगंधर्वांच्या युगाच्या कडेला किरकोळ स्त्रीभूमिका केलेला आणि आता उदबत्त्या विकणारा. जुन्या कंपनीचा नट उदबत्त्या विकतो, नव्या काळाचा कारकून मनातल्या मनात नाटक जगतो, आणि दोघांची स्वप्ने एकमेकांत मिसळून एक अशक्य संसार उभा राहतो. पोटासाठी नट झालेला आणि पोट भरूनही नट न झालेला, असे हे दोघे एकाच खोलीत. प्रयोगशाळेतली नोकरी करणाऱ्या नाटककाराला हे दोन्ही बाजूंनी दिसले, यात नवल नाही.

नोकरी म्हणजे कचेरीच, असे समजण्याची चूक मात्र करू नये. मुंबईच्या गिरणगावात कामगारांनीही नाटके केली, परळच्या दामोदर नाट्यगृहात केली, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत केली, कामगार कल्याणाच्या स्पर्धांत केली. त्यांची अडचण पाळीची होती. नायक दिवसपाळीला आणि खलनायक रातपाळीला असला की त्यांचा संघर्ष केवळ रविवारी होई. त्या अडचणीतूनही नाटक होत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य परत आत गेलेच नाहीत. आता वेळच वेळ होता. पण वेळ असला म्हणजे हौस होते, हा आपला समज गिरणगावाने खोटा ठरवला. गिरणीचा भोंगा थांबला तशा चाळींतल्या तालमीही ओसरत गेल्या. ज्याच्या दिवसाला आकार नाही त्याच्या संध्याकाळीलाही आकार राहत नाही.

सिंधुदुर्गातल्या दशावताराने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर काढले आहे. तिथे दिवस आणि संध्याकाळ अशी वाटणी नाही. वर्षाचीच वाटणी आहे. पावसाळा शेताचा, आणि भात घरात आल्यानंतरचे महिने गावोगावच्या जत्रांचे. विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतही धानाची कापणी आटोपल्यावर नाटकांचा हंगाम सुरू होतो. ‘हंगाम’ हा शब्द दोन्हीकडे शेतातून नाटकात आला आहे. या मंडळींना पैसे मिळतात, तेव्हा त्यांना काटेकोरपणे हौशी म्हणता येत नाही. केवळ त्यावर जगता येते असे नाही, तेव्हा काटेकोरपणे व्यावसायिकही म्हणता येत नाही. शहरी समीक्षेच्या दोन खणांत त्यांना कोंबण्यापेक्षा ते खणच तपासून पाहणे बरे.

मराठीबाहेर नजर टाकली तर हे चित्र एकाकी राहत नाही. कर्नाटकात हेग्गोडू या खेड्यात १९४९मध्ये नीनासम ही संस्था सुरू झाली, तिचे के. व्ही. सुब्बण्णा हे सुपारीचे बागायतदार, आणि गावातले शेतकरीच तिचे नट व प्रेक्षक. कोलकात्याचे बादल सरकार नगररचनाकार अभियंता होते; नोकरीसाठी ते नायजेरियापर्यंत जाऊन आले. ‘एवम् इंद्रजित’मधला अमल, विमल, कमल आणि इंद्रजित यांचा मुलाखतींचा आणि कचेरीचा कंटाळा हा त्यांनी कादंबऱ्यांतून उसना घेतलेला नाही. पुढे त्यांनी तिसऱ्या रंगभूमीची कल्पना मांडली: नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको, तिकीट नको, माणसाचे शरीर पुरे. या कल्पनेमागची राजकीय भूमिका सर्वश्रुत आहे. तिच्यात अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याची नजरही आहे: जे विकावे लागत नाही त्याला विकणाऱ्याची अट पाळावी लागत नाही.

एक प्रश्न या साऱ्यांना कधी ना कधी भेटला: नोकरी सोडावी का? श्रीराम लागूंना तो पुण्यात भेटला, टांझानियातल्या ताबोरा इथे शल्यचिकित्सा करतानाही भेटला असेल, आणि १९६९मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी त्याचे उत्तर दिले. ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. नट हा दुसऱ्याचा माल वाहून नेणारा, या अर्थाचे ‘लमाण’ हे नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले. एक बरकतीचा धंदा सोडून आलेल्या मनुष्याने हमालीची प्रतिमा निवडावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दंतवैद्य काशिनाथ घाणेकरांनी दुसऱ्या वाटेने, लोकप्रियतेच्या लाटेवर, तोच पल्ला गाठला. आळेकर १९९६पर्यंत नोकरीत राहिले आणि मग पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, म्हणजे छंदच त्यांची नोकरी झाला. जब्बार पटेल आणि आगाशे यांनी आपले शास्त्र पूर्णतः टाकले नाही. यांत कोण बरोबर, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. पण लागूंच्या उडीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते: ती उडी मारण्याइतकी पुंजी, पदवी आणि परतीची वाट त्यांच्याकडे होती. तार कचेरीतल्या पोंक्ष्याकडे ती नव्हती.

आणि किंमत नेहमी त्यानेच दिली असेही नाही. घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे, असे ज्याला म्हणतात, त्यातल्या ‘घरचे’ या शब्दामागे एक बाई उभी असते. नवरा अकराला परततो तेव्हा ताट झाकून ठेवणारी, मुलाच्या तापाच्या रात्री अंतिम फेरी असल्याचे ऐकून घेणारी, स्वतः दिवसा नोकरी करीत असली तरी तिची संध्याकाळ कुणी साडेसहाला सोडवीत नाही. ज्या स्त्रिया नाटकात आल्या त्यांना शेवटच्या लोकलचा, शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा आणि सकाळच्या डब्याचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागला. हौशी संस्थांना स्त्री-नट मिळत नाहीत, ही तक्रार दशकानुदशके स्पर्धांच्या आसपास ऐकू येत राहिली. तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या बायकोला तालमीला आणले, याची नोंद नाही.

आता कचेरी सुटण्याची वेळ राहिलेली नाही. सरकारी बँकांनी २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ज्यांची नोकरी संगणकावर आहे त्यांचा दिवस अमेरिकेच्या घड्याळाशी बांधला गेला. आणि दूरचित्रवाहिन्यांवरील मालिकांनी हौशी नटाला प्रथमच असा पर्याय दिला की नोकरी सोडली तरी हप्ते फेडता यावेत. मालिकेचे चित्रीकरण बारा-बारा तास चालते. म्हणजे ज्याने तालमीसाठी कचेरी सोडली त्याला आता चित्रीकरणातून तालमीसाठी सुटी मागावी लागते, आणि ती देणारा साहेब पूर्वीच्या साहेबापेक्षा मवाळ असतोच असे नाही. तरीही शनिवार-रविवारी तालमी होतात, पुरुषोत्तमची मुले गर्दी करतात.

या विषयाचा कधी कुणी नीट अभ्यास करायचा ठरवले तर त्याने नाट्यगृहांच्या दप्तरापासून आरंभ करू नये. १९८०मध्ये ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा वृत्तपत्रांत वाद झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्याची कात्रणे उपलब्ध आहेत आणि त्यांवर लिहूनही झाले आहे. पण त्याच दिवसांत पुण्यातल्या बँका, शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि कार्यालये यांच्या टेबलांवर रजेचे काही अर्ज येऊन पडले असतील. ‘कौटुंबिक कारणास्तव’ असे कुणी लिहिले, ‘नाटकासाठी’ असे कुणी लिहिले, बिनपगारी रजा कुणाला घ्यावी लागली, मंजुरीची सही कोणी केली आणि ती करताना शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिले, हे त्या कागदांवर असणार. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर रद्दीत काढण्याचा नियम प्रत्येक कचेरीत असतो. एखाद्या फायलीकडे नियमाचे लक्ष गेले नसेल, तर ती शोधायला हवी.